स्मृतिभ्रंश झालेले वडीलधारे आणि इस्पितळातील त्यांची शुश्रूषा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सुभाष रोडवरील सभागृहात केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी मंगल बोलावे, दुखण्याखुपण्याच्या गोष्टी काढू नयेत, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मोडून आम्ही आज एका दुखण्याविषयीच बोलणार आहोत, म्हणून आरंभीच आपली क्षमा मागतो. आम्ही डॉक्टर नव्हे, की विद्वान नव्हे. आमची हयात ह्या सुभाष रोडवर कापड मोजण्यात गेली. तेव्हा आमच्या बोलण्यात शास्त्र थोडे आणि अनुभव अधिक असेल, हे गृहीत धरून आपण ऐकावे.

गेली काही वर्षे ट्रस्टच्या वस्तूंच्या कपाटाची किल्ली आमच्याकडे आहे. वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, हवेची गादी ह्या वस्तू गरजूंना उसन्या द्यावयाच्या आणि परत आल्या की पुसून ठेवावयाच्या, एवढेच ते काम. परंतु किल्ली ज्याच्या हाती असते त्याच्या कानांवर घराघरांतल्या गोष्टी येतात. त्यांतले एक वाक्य आम्ही इतक्या तोंडून ऐकले आहे की ते आता पाठ झाले आहे: "दवाखान्यात गेली तेव्हा निदान आम्हांला ओळखत होती हो, परत आली ती ओळखेनाशी होऊन." हाड नीट जुळलेले असते, ताप उतरलेला असतो, बिल चुकते झालेले असते. बरे झालेले माणूस मात्र पहिले राहिलेले नसते. असे का होते, आणि त्यांतले किती टाळता येण्यासारखे आहे, हाच आजचा विषय.

प्रथम दुखण्याची ओळख करून घेऊ. मराठीत आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतो. आपले कन्नड शेजारी 'अरवत्तक्के अरळु मरळु' म्हणतात. अर्थ तोच, साठी आली की बुद्धी गेली. आपल्या धारवाडचे, घरी मराठी बोलणारे आणि कन्नडचे वरकवी ठरलेले द. रा. बेंद्रे ह्यांनी आपल्या कवितासंग्रहाला 'अरळु मरळु' हेच नाव दिले, आणि त्यास १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ह्या जोडशब्दात फुलणे आणि परतणे हे अर्थही दडलेले आहेत. कवीला साठीत पुन्हा बहर दिसू शकतो, आणि आपण म्हणीचा आधार घेऊन दुखणे झाकतो, एवढाच फरक!

वस्तुतः स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपण नव्हे. तो मेंदूच्या रोगांचा परिणाम आहे. १९०१ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे अवघ्या ५१ वर्षांची एक स्त्री इस्पितळात आणली गेली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. डॉक्टर आलॉइस अल्झायमर ह्यांनी तिचे बोलणे बारकाईने टिपून ठेवले आणि १९०६ साली ती वारल्यावर तिच्या मेंदूची तपासणी करून त्यांतील विकृती दाखवून दिली. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा रोग स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण होय. मेंदूतील रक्तवाहिन्यांचे विकार हे दुसरे. आजच्या औषधांनी काहींची लक्षणे काही काळ सावरतात, पण गेलेली स्मृती परत आणणारे औषध अद्याप नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सुमारे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. आज ह्या सभागृहात जितकी कुटुंबे बसली आहेत, त्यांतील पुष्कळांच्या घरी ही गोष्ट नवी नाही.

नवी नाही, परंतु बोलली जात नाही. ह्याचे एक कारण धारवाडच्या इतिहासात आहे. मुंबई इलाख्याच्या काळी, १८४५ साली, येथे वेड्यांचे इस्पितळ निघाले. तेच पुढे वाढत आज 'डिमहान्स' ह्या मोठ्या संस्थेच्या रूपाने उभे आहे, आणि तेथे मनाच्या व मेंदूच्या विकारांवर आधुनिक उपचार होतात. पण पिढ्यान् पिढ्यांची भीती अशी सहज जात नाही. घरातला म्हातारा विसरू लागला की 'डॉक्टरला दाखवू' म्हणण्याऐवजी 'लोक काय म्हणतील' हा विचार आधी येतो. मग दुखणे लपविले जाते. आणि लपविलेले दुखणे घेऊन एके दिवशी तो म्हातारा पाय घसरून पडतो, किंवा त्यास न्यूमोनिया होतो, आणि तो भलत्याच वॉर्डात जाऊन पडतो. तेथे त्याच्या कागदावर 'मांडीचे हाड मोडले' एवढेच लिहिलेले असते. ज्या माणसाचे हाड मोडले त्याच्याविषयी अक्षरही नसते.

आता आमच्या घरची हकीकत सांगतो.

आम्हां भावंडांची आई मिरजेची. लग्न होऊन धारवाडास आली तेव्हा तिला कन्नडचे एक अक्षर येत नव्हते. भाजीवाल्यांशी घासाघीस करता करताच ती कन्नड शिकली, आणि पुढे इतकी पटाईत झाली की दुकानात अडलेले गिऱ्हाईक वडील तिच्याकडे पाठवीत. तिची ऐंशी उलटल्यावर विसरणे सुरू झाले. पहिली खूण आम्हांस कळलीच नाही. ती भाजीवालीला मराठीत उत्तरे देऊ लागली. भाजीवाली हसली, आम्हीही हसलो. पन्नास वर्षे जिभेवर असलेली कन्नड तिच्या मनातून हळूहळू ओसरत होती आणि खाली मिरजेची मराठी उघडी पडत होती, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले नाही.

एका पावसाळ्यात पहाटे ती न्हाणीघरात पडली आणि मांडीचे हाड मोडले. शहरातील एका इस्पितळात तिची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, ह्याबद्दल आम्ही त्या डॉक्टरांचे आजही ऋणी आहोत. त्या इस्पितळाचे नाव आम्ही घेणार नाही, कारण जे घडले ते कोणत्याही इस्पितळात घडू शकले असते. स्त्रियांच्या वॉर्डात रात्री पुरुषांनी थांबू नये असा नियम होता, आणि तो योग्यच होता. बहीण बेळगावहून दुसऱ्या दिवशी यावयाची होती. तेव्हा ती रात्र आम्ही बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर काढली. खिशात औषधांच्या पावत्या तारीखवार लावलेल्या होत्या. आई आत एकटी होती.

रात्री ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती: "मला परसाकडे जायचंय." सिस्टरला मराठी येत नव्हते. तिने एका तरुण वॉर्डबॉयला विचारले. मुलगा मराठी घरचा. त्याने प्रामाणिकपणे अर्थ सांगितला की, आजींना घरामागच्या परसात जायचे आहे, घरची आठवण येते आहे. सिस्टरने प्रेमाने तिच्या अंगावर थोपटले. आई उठू लागली. नवे हाड बसविलेले, ती पडली तर अनर्थ. तिने सलाईनची सुई उपटली. तेव्हा गॉजच्या पट्टीने तिचे दोन्ही हात खाटेच्या कठड्याला बांधण्यात आले आणि झोपेचे औषध देण्यात आले.

सकाळी बहीण आली. आईने तेच वाक्य म्हटले, आणि बहिणीने कपाळावर हात मारून घेतला. इथे बसलेल्या वडील मंडळींच्या ध्यानात ते केव्हाच आले असेल. घरात संडास नव्हते त्या काळची ती बोली आहे. 'परसाकडे जाणे' म्हणजे शौचास जाणे. आईला चार दिवस शौचास झाले नव्हते, आणि ती रात्रभर त्याचसाठी विनवीत होती. लाजेने तिने दुसरा उघड शब्द वापरला नाही. स्मृती गेली होती. लाज शाबूत होती.

एनिमा दिल्यावर तिला तासाभरात आराम पडला. पण एका रात्रीचे जे नुकसान व्हावयाचे ते झाले होते. मनगटांवर वळ उठले होते. पुढचे कित्येक दिवस ती कुणी हात धरला की किंचाळे. औषधाच्या गुंगीत जेवण सुटले आणि उभे राहण्याचे व्यायाम लांबले. ती घरी आली तेव्हा बहिणीला 'बाई, तुम्ही कोण?' म्हणून विचारू लागली. पुढे काही ओळख परतली, सगळी नाही.

दोष कोणाचा? सिस्टरचा म्हणावे, तर तिच्याकडे त्या रात्री सबंध वॉर्ड होता. वॉर्डबॉयचा म्हणावे, तर त्याने शब्दशः अर्थ बरोबरच सांगितला होता. आमचाच दोष मोठा होता. आम्ही खिशात पावत्या आणल्या, आई आणली नाही. आईला काय म्हणतात, ती काय म्हणते, तिला कशाची भीती वाटते, हे सारे आम्हांस ठाऊक होते, आणि ते आम्ही कुणाला सांगितले नाही. कुणी विचारलेही नाही.

पुढे डॉक्टरांशी बोलून आणि थोडेफार वाचून आम्हांस जे समजले ते सांगतो. त्या रात्री आईचा स्मृतिभ्रंश एकाएकी वाढला, असे आम्ही समजत होतो. ते तसे नव्हते. आपले जुने लोक ज्याला 'वात झाला' म्हणत, डॉक्टर ज्याला डिलिरियम म्हणतात, तो प्रकार होता. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे सावकाश येतो. वात तासांत किंवा दिवसांत येतो, कमीजास्त होतो, रात्री बळावतो, आणि त्याच्यामागे बहुधा काही शारीरिक कारण असते. जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, लघवी किंवा शौच तुंबणे, न सांगता आलेली वेदना, काही औषधे, झोपमोड, चष्मा आणि कानयंत्र घरी राहणे, अपरिचित जागा, बांधलेले हात, ही ती कारणे. ज्याला आधीच स्मृतिभ्रंश आहे त्याला वात होण्याचा धोका इतरांहून पुष्कळ अधिक. आणि वाताचा दुसरा, गुपचूप प्रकारही आहे. माणूस ओरडत नाही, नुसता सुस्त पडून राहतो. 'आजोबा आज अगदी शांत आहेत' असे म्हणून सगळे निश्चिंत होतात, आणि रोग तसाच राहतो. म्हणून घरच्या माणसाने डॉक्टरांना एक वाक्य अवश्य सांगावे: 'हे कालपर्यंत असे नव्हते.' हे वाक्य घरच्या माणसाशिवाय दुसरे कुणी सांगू शकत नाही.

भाषेचा प्रश्न तर आपल्या गावचा खासच आहे. नंतर शिकलेली भाषा ह्या रोगात पुष्कळदा आधी निसटते आणि आईच्या मांडीवर शिकलेली भाषा शेवटपर्यंत टिकते. दोन भाषांत जगण्याचा लाभही आहे, हे येथे सांगितले पाहिजे. हैदराबाद येथील निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टर सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली असे दाखविले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे एकच भाषा बोलणाऱ्यांहून सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली. शाळेचे तोंड न पाहिलेल्यांतही हा फरक आढळला. म्हणजे धारवाडच्या बाजारातील कन्नडने आमच्या आईला कदाचित काही वर्षे दिलीही असतील. पण ती वर्षे संपल्यावर तिला मराठी समजणारे माणूस उशाशी हवे होते, आणि ते व्हरांड्यात बसले होते.

ह्यावर उपाय काय? बाहेर काय झाले ते आधी पाहू.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या इस्पितळात डॉक्टर शेरॉन इनोये ह्यांनी सत्तरीच्या पुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीची शुश्रूषा मिळाली. उरलेल्या निम्म्यांसाठी काही साध्या गोष्टी नेमाने केल्या गेल्या. दिवस-वार-ठिकाण पुन्हा पुन्हा सांगणे, चष्मा व कानयंत्र लावणे, पाणी पाजणे, लवकर उठवून चालविणे, रात्री गोळीऐवजी कोमट पेय, मंद संगीत आणि पाठ चोळणे, एवढ्याच त्या गोष्टी. ह्यांतले बरेच काम शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांनी केले. नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्के रुग्णांना वात झाला; ह्या दुसऱ्या गटात ९.९ टक्के रुग्णांना. मात्र एकदा वात झाल्यावर त्याची तीव्रता ह्या उपायांनी कमी झाली नाही. म्हणजे जे करावयाचे ते आधी केले पाहिजे. पाणी वळण घेण्याआधी बांध घालावा, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट इंग्लंडची. तेथील जॉन जेरार्ड ह्या स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्ध गृहस्थांना २०१४ च्या फेब्रुवारीत पायाच्या चिघळलेल्या जखमांमुळे इस्पितळात ठेवले. पाच आठवडे ते तेथे होते, आणि घरच्यांच्या भेटींवर कडक निर्बंध होते. घरी परतले ते चालणे, बोलणे, स्वतःच्या हाताने खाणे हरवून. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते वारले. त्यांची कन्या, लेखिका निकी जेरार्ड, आणि तिची मैत्रीण ज्युलिया जोन्स ह्यांनी वडिलांच्याच नावाने चळवळ उभारली. मागणी एवढीच की, स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाच्या घरच्या माणसाला भेटीच्या वेळांचे बंधन नसावे. त्यास पाहुणा न मानता शुश्रूषेतला भागीदार मानावे. तेथील शेकडो इस्पितळांनी ती मान्य केली. त्याच देशातील अल्झायमर्स सोसायटीने 'धिस इज मी', म्हणजे 'हा मी असा आहे', ह्या नावाचे पत्रक काढले आहे. रुग्णाच्या सवयी, आवडीनिवडी, भीती, सारे त्यात लिहून ते इस्पितळात द्यावयाचे.

हे वाचून आमच्या मनात आले ते असे की, इंग्लंडच्या लोकांना जे भांडून मिळवावे लागले ते आपल्याकडे आयतेच आहे. आपल्या इस्पितळांत रुग्णाबरोबर घरचे माणूस असतेच. किंबहुना ते नसेल तर इस्पितळ चालतच नाही. परंतु त्या माणसाचा आपण उपयोग काय करतो? औषधाची चिठ्ठी आणा, रक्ताची बाटली लॅबमध्ये पोहोचवा, काउंटरवर पैसे भरा, सही करा. जो रुग्णाला ओळखतो त्यालाच आपण खाटेपासून दूर पळवितो. आणि अतिदक्षता विभागात, जेथे वाताचा धोका सर्वांत अधिक, तेथे त्यास सकाळ-संध्याकाळ काही मिनिटेच आत घेतात. आपल्याजवळ धन आहे, पण ते व्हरांड्यात बसवून ठेवलेले आहे.

म्हणून आमच्या ट्रस्टपुढे तीन सूचना आहेत. तिन्ही आपल्या ऐपतीतल्या आहेत.

पहिली, ओळखपत्रकाची. एकाच कागदावर, डाव्या बाजूस कन्नड आणि उजव्या बाजूस मराठी, असे पत्रक ट्रस्टने छापावे व प्रत्येक सभासदाच्या घरी द्यावे. घरात सत्तरीचे माणूस असेल तर ते आजच भरून ठेवावे. घाईच्या वेळी काही आठवत नाही. त्यात काय असावे? ह्यांना कोणत्या नावाने हाक मारावी. कारण 'अम्मा' म्हटल्यावर न वळणारी म्हातारी 'काकू' म्हटल्यावर वळते. कोणती भाषा समजते. चष्मा, कवळी, कानयंत्र आहे काय. चालू औषधे कोणती. दुखले तर सांगतात, की नुसते कपाळाला आठ्या घालतात. भाकरी लागते की मऊ भात. रात्री दिवा लागतो काय. कशाने घाबरतात, कशाने शांत होतात. कुणाला जपमाळ लागते, कुणाला जुनी गाणी. पडण्याआधी, आजारी होण्याआधी, हे माणूस किती बोलत होते आणि किती चालत होते. आणि शेवटी एक छोटा कोश: पाणी, वेदना, भूक, थंडी ह्यांना हे माणूस कोणता शब्द वापरते आणि त्याचा कन्नड अर्थ काय. पाण्यासमोर 'नीरु' लिहावे, वेदनेसमोर 'नोवु'. आणि शौचासमोरची ओळ कुणीही रिकामी सोडू नये, एवढीच आमची हात जोडून विनंती.

दुसरी सूचना सोबतीची. ट्रस्टने वीस-पंचवीस स्त्री-पुरुषांची एक यादी करावी. घरचे माणूस थकते तेव्हा चार तास उशाशी बसावयाचे, एवढेच त्यांचे काम. स्त्रियांच्या वॉर्डात स्त्रिया, पुरुषांच्या वॉर्डात पुरुष. औषध देणे, नळ्यांना हात लावणे, डॉक्टरांना शहाणपण शिकविणे, हे त्यांचे काम नव्हे. पाणी पाजावे, चष्मा पुसून लावावा, 'आज गुरुवार, तुम्ही धारवाडात दवाखान्यात आहात, मुलगा संध्याकाळी येतो आहे' असे शांतपणे सांगावे, डॉक्टरांच्या परवानगीने खुर्चीत बसवावे, जेवताना घाई न करता एकेक घास भरवावा. रोग पुष्कळ वाढलेला असेल तर नाकातून नळी घालून अन्न देण्यापेक्षा हाताने सावकाश भरविणे बरे, असेच जाणत्या डॉक्टरांचेही मत आहे. आणि रुग्ण नळी उपटू लागला तर त्याचे हात बांधण्याऐवजी ते हातात धरून बसणारे कुणी असावे. ह्या कामाचे शिक्षण डिमहान्समधील किंवा हुबळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांना विनंती करून घेता येईल.

येथे एक स्पष्ट बोलले पाहिजे. उशाशी बसण्याचे हे काम आपल्या घरांत कोण करते? सून करते, लेक करते. मुलगा पावत्या सांभाळतो. हे आम्ही स्वतःविषयीच बोलतो आहोत. ट्रस्टच्या यादीत निम्मी नावे पुरुषांची नसतील तर ही योजना म्हणजे थकलेल्या बायकांच्या खांद्यावर आणखी एक ओझे होईल. निवृत्त मंडळी ज्युबिली सर्कलपर्यंत रोज फिरून येतात. त्यांतले दोन तास इस्पितळात दिले तर प्रकृतीला अपाय होणार नाही.

तिसरी सूचना विनंतीची. ट्रस्टच्या शिष्टमंडळाने हुबळी-धारवाडच्या इस्पितळांच्या प्रमुखांना भेटून नम्रपणे मागावे की, ज्या रुग्णास स्मृतिभ्रंश आहे त्याच्या एका माणसाला भेटीच्या वेळेबाहेरही जवळ राहू द्यावे, शक्य तेथे अतिदक्षता विभागातही. ओळखपत्रक केसपेपरला जोडावे. हात बांधण्याआधी घरच्यांना बोलवावे आणि शौच, लघवी, तहान, वेदना ही चार कारणे पाहावीत. इस्पितळे म्हणतील, जागा नाही, गर्दी होते, जंतुसंसर्ग होतो. त्या अडचणी खऱ्या आहेत. म्हणूनच आपण गर्दी मागत नाही. एक माणूस मागतो, हात धुऊन बसणारे. आणि सिस्टरांना ह्यात त्रास कमी होईल. रात्रभर हाका मारणाऱ्या रुग्णामागे त्यांना धावावे लागते ते वाचेल.

असे केल्याने सगळे ठीक होईल, असे आम्ही म्हणत नाही. तथापि दुसरा अनुभवही सांगितला पाहिजे. पहिल्या दुखण्यानंतर काही महिन्यांनी आईला न्यूमोनिया झाला आणि पुन्हा इस्पितळात ठेवावे लागले. ह्या वेळी आम्ही वहीच्या पानावर सारे लिहून नेले आणि बहिणीने ते सिस्टरला वाचून दाखविले. दिवसा आम्ही, रात्री बहीण आणि शेजारच्या एक काकू, असे पाळीपाळीने बसलो. दुसऱ्या रात्री आई बडबडू लागली तेव्हा बहिणीने डॉक्टरांना सांगितले की हे कालपर्यंत नव्हते. त्यांनी तपासून लघवी तुंबल्याचे ओळखले. हात बांधले गेले नाहीत. पाचव्या दिवशी ती घरी आली, गेली होती तशीच. विसरलेली, पण हसरी. एका उदाहरणाने सिद्धान्त होत नाही हे आम्ही जाणतो. पण आमच्या पुरते ते उदाहरण पुरेसे होते. पुढे सुमारे वर्षभर ती आमच्यात होती. कन्नड तिच्याकडे परत आली नाही. एके दिवशी भाजीवालीच घरात आली, तिच्याजवळ बसली आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, मेथी घेता?" आईने तिचा हात धरला आणि भाव विचारला.

बंधुभगिनींनो, आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत विद्यार्थ्यांना वह्या दिल्या, अडलेल्यांना औषधे दिली, पडलेल्यांना वॉकर दिले. वॉकर माणूस पडल्यावर उपयोगी पडतो. आता एक कागद आणि चार तास देऊ या; ते पडण्याआधी उपयोगी पडतात. ज्या घरी हे दुखणे आहे आणि कुणाशी बोलावयाचे कळत नाही, त्यांनी १४४१६ ह्या 'टेली-मानस'च्या क्रमांकावर किंवा ज्येष्ठांसाठी असलेल्या १४५६७ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा; दोन्ही सरकारी आहेत आणि मोफत आहेत. आणि ज्यांना काहीच सुचत नसेल त्यांनी कपाटाच्या किल्लीवाल्याकडे यावे. आम्ही दुकानातच असतो.

पत्रकाचा कच्चा नमुना दाराशी टेबलावर ठेवला आहे. जाताना एकेक न्यावा, आणि आज रात्रीच घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून तो भरावा. त्यांना विचारून भरावा. सांगता येते आहे तोवर विचारून घ्यावे. यादीत नाव घालण्यासाठी वहीही तेथेच आहे. तिच्यात पहिले नाव आम्ही आमचे घातले आहे.